दार फळणीचा सण

निवृत्त पशुवैद्य दाऊद झिराडकरांनी सूर्य मावळायच्या आत दाराला कडी घातली, फोन बंद केला आणि पांढरे कपडे घालून ते प्रार्थनेला बसले. मारेगावात बेने इस्राएल ज्यूंचं घर त्यांचं एकट्याचंच. दार फळणीचा, म्हणजे दार लावून घ्यायचा सण: दुसऱ्या संध्याकाळपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, बाहेरच्या माणसाशी शब्द नाही; देवापुढे वर्षभराच्या चुका कबूल करायच्या. दरवर्षी बायको रूथ सोबत असायची, कोणी आलंच तर खिडकीतून खुणेनं परतवायची. यंदा ती नव्हती.

ज्याचं मन दुखवलं, त्याची माफी मात्र आधीच मागून घ्यायची असते. शेजारच्या मारोतरावांची गाय दगावली तेव्हा, "मला बोलवायला उशीर करून तुम्हीच मारलीत तिला," असं दाऊद चारचौघांत बोलून गेले होते. त्या दिवशी दुपारी माफी मागायला ते दोनदा त्यांच्या फाटकापर्यंत गेले आणि दोनदा तसेच परत फिरले.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी दार उघडेना. मारोतरावांची सून कोकिळा खिडकीच्या फटीतून डोकावली आणि किंचाळली, "मामाजी, डाक्टर सायेब निपचित पडून हायेत!"

मारोतराव धावत आले. "डाक्टर, आवाज द्या ना बावा!"

डोळा लागलेले दाऊद दचकून उठून बसले. बोलावं तर नेम मोडतो. बाहेरचा आवाज कापरा झाला. "गाय माह्याच आळसानं गेली, डाक्टर. मले समजत होतं. तरी महिनाभर तुमच्यासंग अबोला धरला मी!"

दाऊदांचे डोळे भरून आले. ते कडीकडे वळणार, तोच पहारीचा घाव बसला आणि दार बिजागऱ्यांसकट आत आलं.

"जित्ते हायेत!" म्हणत कोकिळेनं तांब्या त्यांच्या ओठांना लावला. दाऊदांनी तोंड घट्ट मिटलं.

"दातखीळ बसली! चमचा आन!" बैलाला औषध पाजताना धरतात तसा मारोतरावांनी त्यांचा जबडा धरला.

"मारोतराव," दाऊद कसेबसे बोलले, "मला माफ करा. मी आजारी नाही. कडक उपास आहे माझा."

मारोतरावांनी हात काढला. "मंग काल काहून नाही सांगतलं?"

"दोनदा फाटकापर्यंत आलो. धीर झाला नाही."

"माह्याही नाही झाला," मारोतराव खाली पाहत म्हणाले.

मोडकं दार चौकटीला टेकवून ते बाहेर उंबऱ्याशी बसले. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करून सांगत राहिले, "आज सायेब कोनासंग बोलत नाहीत. हळू जा."

अंधारून आल्यावर कोकिळा सरबताचे दोन पेले घेऊन आली. "मामाजीनं दुपारपासून पान्याचा घोटही नाही घेतला," तिनं दाऊदांना सांगितलं.

दाऊदांनी पहिला पेला मारोतरावांच्या हातात दिला.

"मी कायले उपास धरतो?" मारोतराव गुरगुरले. "मले तहानच नव्हती." आणि एका दमात पेला रिकामा केला.