अर्नी फ्रीजरमध्ये आहे!

"येत्या रविवारी चिमटा माझा!" डॅरिलनं आरशासमोर उभं राहून जाहीर करून टाकलं.

चिमटा म्हणजे बार्बेक्यूचा. गिप्सलँडच्या खेड्यापाड्यांत घर कुणाच्या नावावर आहे, हे कुणी विचारत नाही. चिमटा ज्याच्या हातात, तो घरचा कर्ता! डॅरिलच्या सासुरवाडीत तो सासऱ्याच्या, म्हणजे अर्नीच्या हातात होता. बाकीच्या पुरुषांनी बिअर धरून शेजारी उभं राहायचं आणि माना डोलवायच्या. लग्न झाल्यापासून बिचारा डॅरिल मान डोलवून डोलवून थकला होता. शेवटी एकदा त्यानं विषय काढला, तेव्हा अर्नी म्हणाला, "रविवारी तुझ्या घरी तू भाज. जमलं, तर चिमटा कायमचा तुझा!"

झालं! डॅरिलच्या अंगात संचारलं. आता साधंसुधं मटण चालणारच नव्हतं. टेकडीपलीकडे हेदर नावाची एक बाई मेंढ्या पाळायची. तिच्याकडून त्यानं अर्धा मेंढा ठरवला. मोकळ्या कुरणात, गवतावर, मायेनं वाढवलेला!

"गवतावर?" अर्नी फोनवर खेकसला. "मग बाकीची मेंढरं काय पिझ्झा खातात?"

डॅरिल हटला नाही. मुलगी द्यायला निघालेला बाप करतो तशी त्यानं मेंढ्याची चौकशी केली. स्वभाव कसा? कुणी कधी काठी उगारली होती का? नाव काय?

"अर्नी," हेदर म्हणाली. "फार गुणी आहे हो. पण एक लक्षात ठेवा, अंगात चरबी कमी. भाजताना नजर हलली, की मटणाचं चामडं झालंच म्हणून समजा!"

नाव ऐकून डॅरिलची बायको टोन्या हसून हसून बेजार झाली. बाबांना सांगायचं नाही, असं दोघांनी ठरवलं.

मटण घरी आलं त्या दिवशी डॅरिलला कोण आनंद! अंगणातूनच त्यानं टोन्याला फोन लावला. कुंपणापलीकडे शेजारची बेव्ह कपडे वाळत घालत होती.

"अगं, झालं अर्नीचं! छे, जरासुद्धा त्रास नाही! कुरणात उभा होता, तोंडात गवताची काडी, आणि टक्! त्याला कळलंसुद्धा नाही. हो, आणला घरी. फ्रीजरमध्ये आहे!"

तोंडात गवताची काडी धरून हिंडायची सवय सासऱ्यालाही होती. बेव्हच्या हातातून उशीचा अभ्राच गळाला.

"डॅरिल... अर्नी गेला?"

"काल! अगदी योग्य वेळी गेला बघा. आणखी ठेवला असता, तर चिवट झाला असता!"

"आणि टोन्या?"

"तिच्या तोंडाला पाणी सुटलंय! रविवारी दुपारी या ना. आख्ख्या गल्लीला घेऊन या!"

"मी... काय आणू?"

"नेहमीसारखं, ताट भरून काहीतरी!"

आता तिकडे जेवण असो की मयत, ताट भरून नेल्याशिवाय कुणी कुणाच्या दारात जात नाही. त्यामुळे बेव्हला उरलीसुरली शंकाही राहिली नाही.

रविवारी डॅरिलनं मटणाचे चॉप जाळावर ठेवले, आणि फाटकातून आख्खी गल्ली आत आली. सगळे काळ्या कपड्यांत! हातात सारण भरलेल्या पेस्ट्र्या, खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक, आणि बेव्हकडे भलामोठा पाव्हलोव्हा केक. डॅरिलचा ऊर भरून आला. माझ्या चिमट्यासाठी माणसं एवढी नटून आली!

"धीर धर," पोस्टातल्या ग्रॅहमनं त्याला घट्ट मिठी मारली.

"धरलाय! पण वास असा सुटलाय की राहवत नाही!"

ग्रॅहम त्याची पाठ थोपटत म्हणाला, "फार चांगला होता रे!"

"अहो, अजून चाखलाय कुठं तुम्ही!"

ग्रॅहम पांढराफटक पडला. पण तेवढ्यात पुढची मिठी आली, मग त्यापुढची. पाठीमागे चॉप धुमसायला लागले आणि डॅरिल मिठ्यांतून सुटेना!

एवढ्यात टोन्याची गाडी थांबली. ती बाबांना बोल्सच्या, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या खेळाच्या मैदानावरून आणायला गेली होती. अर्नी खाली उतरला. डोक्यापासून पायापर्यंत त्या खेळाचे पांढरे कपडे, तोंडात गवताची काडी!

बेव्हनं किंकाळी फोडली. पाव्हलोव्हा जमिनीवर!

"अर्नी! तू फ्रीजरमध्ये आहेस ना!"

टोन्यानं मेंढ्याचं नाव सांगितलं तेव्हा कुठं उलगडा झाला, आणि अर्नी गवतावर बसून हसला. मग डोळे पुसत म्हणाला, "बरं, माझ्याबद्दल कोण काय काय म्हणालं, ते जरा सावकाश सांगा!" लोकांनी सांगितलं. म्हातारा इतका खूश झाला की ज्यांच्याशी तो कित्येक दिवस बोलत नव्हता, त्यांनाही त्यानं जवळ घेतलं.

डॅरिल जाळाकडे धावला. चॉप काळेठिक्कर! पण सासऱ्याची कळी खुललेली पाहून त्याला आशा वाटली. त्यातल्या त्यात बरा चॉप निवडून त्यानं पुढं केला. अर्नीनं चावलं. दुसऱ्या बाजूनं चावलं. कवळी काढून निरखून पाहिली, परत बसवली आणि पुन्हा चावलं.

मग त्यानं जावयाच्या खांद्यावर मायेनं हात ठेवला.

"पोरा, मी खरंच गेलो ना, की घर तुमचं, गाडी तुमची, कुत्रासुद्धा तुमचा!" आणि डॅरिलच्या हातातला चिमटा हळूच काढून घेत तो म्हणाला, "हा मात्र माझ्याबरोबर पुरा!"