डाव्या पायाची आग

ट्रकचं इंजिन बोंबलत होतं आणि ट्रक जागचा हलत नव्हता. पुलाचा चढ, पाठीवर लोखंडी पाइपांचा भार, मागे गाड्यांची रांग आणि स्टिअरिंगवर मालक. मालकांचा पारा एरवीही खाली नसायचा. त्यांनी आधी डिझेलला शिव्या घातल्या, मग पंपवाल्याला, मग मागे हॉर्न बडवणाऱ्या झाडून सगळ्यांना. केबिनमध्ये जळका वास सुटला तेव्हा मात्र त्यांना खरा गुन्हेगार सापडला. तो शेजारीच बसला होता.

तो त्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. मालक तापाने पडले तेव्हा आठवडाभर ट्रक त्यानेच चालवला होता, आणि नीट चालवलास तर कायमचा ड्रायव्हर म्हणून ठेवतील, असं बहिणीने त्याला परस्पर सांगूनही टाकलं होतं. त्या भरवशावर त्याने हातची नोकरी सोडली होती. आता मालक म्हणत होते की एवढी वर्षं गाडीने हूं की चूं केलं नाही, आणि याने एका आठवड्यात तिची वाट लावली.

"दाजी, मी काही केलं नाही," मेहुणा म्हणाला.

"तेच तर. करायचं ते करत नाहीस आणि नको ते करून ठेवतोस."

दुसऱ्या ट्रकने ओढत गाडी गॅरेजात आणली. मिस्त्रींनी बॉनेटला हातही न लावता मालकांना वर बसवलं. हँडब्रेक ओढा, वरचा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा, म्हणाले. क्लच धड असेल तर इंजिन बंद पडेल. हे इंजिन सिग्नलला, गोदामाच्या तोंडाशी, नको तिथे हमखास बंद पडणारं. आज पडावं म्हणून मालक दात-ओठ खात वाट बघत होते, तर ते आपलं मजेत घुरघुरत राहिलं. "क्लचप्लेट गेली," म्हणून मिस्त्री पाने आणायला आत गेले.

गिअरबॉक्स उतरेपर्यंत मालक एका स्टुलावर बसून मेहुण्यावर तोंडसुख घेत होते. त्याचं गिअर टाकणं, त्याचे बूट, त्याची शिटी वाजवायची सवय, काही म्हणून सुटलं नाही. शेवटी मिस्त्रींनी प्लेट काढून दाखवली. घासून घासून तिचं अस्तर नावापुरतं उरलं होतं आणि रिव्हेट उघडे पडले होते. क्लचच्या पेडलवर सारखा पाय ठेवून गाडी चालवली, धड दाबला नाही, धड सोडला नाही, की असं होतं, असं मिस्त्रींचं म्हणणं. आणि हे आठ दिवसांचं काम नाही, असंही ते म्हणाले. पण तोवर मालक उभे राहिले होते.

"ज्याच्या पायाने ही प्लेट खाल्ली, तो पुन्हा या स्टिअरिंगवर बसणार नाही. हा माझा शब्द आहे."

अख्ख्या गॅरेजने ऐकलं. मेहुण्याचं तोंड एवढंसं झालं. नेमकी तेव्हाच मालकांची बायको जेवणाचा डबा घेऊन दारात उभी होती. भावाचा चेहरा बघून तीही भडकली, पण तिने डबा आधी नीट खाली ठेवला.

"मिस्त्री, कुठला पाय म्हणालात?"

"डावा. क्लचला डावाच."

तिने स्टुलाखाली बोट दाखवलं. मघाशी तिथे तेलाचा एक रिकामा डबा होता. आता चेपून त्याची ताटली झाली होती.

"लोकांची तळपायाची आग मस्तकात जाते," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमची मस्तकातली तळपायात उतरते, तीही डाव्याच. तुमच्या खुर्चीपुढचं पायपुसणं एकाच जागी का फाटलंय, सांगा बघू. रोज बातम्या बघताना शिव्या घालता तेव्हा तो पाय काय करत असतो?"

मालकांना असा काही राग आला की ते धपकन स्टुलावर बसले. डावा पाय खाली गेला आणि पत्रा करकरला. मिस्त्रींनी पुसायचं फडकं तोंडावर धरलं.

मालक तापट होते, पण दिला शब्द फिरवणारे नव्हते, आणि याच गोष्टीचा त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मनापासून संताप आला. नवी प्लेट बसली, बेअरिंग बसलं, आणि दुसऱ्या दिवशी पाइप पोचवायला ट्रक निघाला तो मेहुण्याच्या हातात. मालक क्लीनरच्या सीटवर हाताची घडी घालून बसले. पुलाच्या त्याच चढावर एक मोटारसायकल आडवी घुसली. मेहुणा शिटी वाजवत शांतपणे गिअर उतरवत होता. मालकांचा डावा पाय सणकन खाली गेला.

"दाजी," मेहुणा समोर बघत म्हणाला, "नवा क्लच आहे."

"तो तुझ्या बाजूला आहे," मालक ओरडले आणि त्यांनी खाली पाहिलं.

पायाखाली घरचं पायपुसणं होतं. बायकोने सकाळीच आणून टाकलेलं, आणि फाटल्या जागी जाड कापडाचं दुहेरी ठिगळ लावलेलं.