डॉक्टरांचा खारा पेशंट

चार दिवसांच्या प्रशिक्षणाला निघताना डॉक्टरांच्या बायकोने घराबद्दल एकही सूचना दिली नाही. सूचना होत्या त्या दिवाणखान्यातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीबद्दल, आणि त्यातही मधल्या बशीएवढ्या प्रवाळाबद्दल. अंगठ्याएवढा तुकडा आणून तिने पाच वर्षं त्याला लहानाचं मोठं केलं होतं.

"पाणी कमी झालं तर भर. बाकी कशाला हात लावू नकोस."

डॉक्टर जरा दुखावले. गेली बावीस वर्षं ते त्वचारोगतज्ज्ञ होते आणि पेशंट खुर्चीत टेकायच्या आत त्याचं गजकर्ण ओळखत.

दुसऱ्याच दिवशी प्रवाळाने अंगावरची बारीक फुलं आत ओढून घेतली. संध्याकाळपर्यंत त्याच्यावर मेणचट, मळकट पापुद्रा धरला. बायकोला काय तोंड दाखवणार?

"बुरशी," भिंग डोळ्याला लावून ते वडिलांना म्हणाले.

वडील निवृत्त कोर्ट कारकून. पुराव्याशिवाय त्यांनी आयुष्यात काही मान्य केलेलं नव्हतं. "कशावरून?"

"बाबा, त्वचा बोलते."

"मग आपण दोघं गप्प बसून ऐकू या."

डॉक्टर गप्प बसणाऱ्यातले नव्हते. त्यांनी टाकीचंच पाणी बादलीत घेऊन त्यात आयोडीन टाकलं आणि प्रवाळाला आंघोळ घातली. आंघोळीत प्रवाळाच्या बुडाखालून एक गोगलगाय निघाली. झालं, निदान बदललं. बुरशी नाही, कीड. गोगलगायीची रवानगी टाकीच्या पाण्यासकट बरणीत झाली.

"हिच्यावर आरोप काय?" वडिलांनी विचारलं.

"पेशंटच्या अंगावर सापडली."

"सापडणं हा गुन्हा नाही," वडील पुटपुटले. सकाळी डॉक्टर दवाखान्यात गेल्यावर त्यांनी तिला गुपचूप टाकीत सोडून दिलं आणि बरणी धुऊन फडताळात ठेवली.

संध्याकाळी डॉक्टर बघतात तो टाकीत परत ठेवलेल्या प्रवाळावर गोगलगाय. बरणीचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही. "दुसरी," ते खालच्या आवाजात म्हणाले. "म्हणजे साथ आहे."

साथ म्हटल्यावर विलगीकरण आलं. टाकीतली नऊच्या नऊ प्रवाळं बाहेर निघाली आणि वाडग्यांत, डब्यांत, बादल्यांत जाऊन बसली. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. वडिलांना चहा औषधाच्या मापातून प्यावा लागला. त्यांनी तो सहा वेळा भरून घेतला, पण तक्रार केली नाही. गोगलगायीबद्दल मात्र ते अवाक्षर बोलले नाहीत.

बायकोचा फोन आला. "कसं आहे माझं बाळ?"

"मजेत आहे," हातातली बादली खाली ठेवत डॉक्टर म्हणाले. "आत्ताच आंघोळ झाली."

चौथ्या दिवशी दुपारी ती आली. हातातली बॅग तशीच धरून ती बादल्यांच्या रांगेसमोर उभी राहिली. मग खाली बसून तिने मोठ्या प्रवाळावरून हलकेच बोट फिरवलं. ओल्या कागदासारखा पापुद्रा सुटून आला. खाली कोवळी, तुकतुकीत त्वचा होती.

"कात टाकतंय ते," ती म्हणाली. "वर्षातून दोन-तीनदा टाकतं. पाण्याचा जोर वाढवला की आपोआप निघून जाते. म्हटलं, कातडीचं तुला काय सांगायचं."

ओट्यावरच्या आयोडीनच्या बाटलीकडे तिचं लक्ष गेलं.

"आयोडीनमध्ये कितीदा बुडवलंस?"

"एकदाच."

"पाचदा," वडील म्हणाले.

प्रवाळं परत टाकीत गेली. आठवडाभराने फुलं बाहेर आली आणि फुलांबरोबर डॉक्टरांचा आत्मविश्वासही. खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांकडेही अशीच टाकी होती. ते जिन्यात भेटले आणि म्हणाले, की आपलं प्रवाळ मिटलंय, त्यावर काहीतरी मळकट दिसतंय. डॉक्टर एक पायरीसुद्धा उतरले नाहीत.

"कात टाकतंय. नवखी माणसं उगाच घाबरतात. कीड-बीड शोधत बसू नका."

बायको मागेच होती. ती पायांत चपला सरकवून दंतवैद्यांबरोबर खाली गेली.

अर्ध्या तासाने ती वर आली तेव्हा डॉक्टर चहा घेत होते. तिने त्यांच्या कपाशेजारी एक काचेची बाटली ठेवली. आत नखाएवढे चार चपटे किडे आरामात सरपटत होते.

"त्यांच्या प्रवाळावर निघाले. वेळेवर सापडले, वाचेल ते."

डॉक्टर नीट बघायला वाकले. वडिलांनी बाटली हळूच आपल्याकडे ओढून घेतली.

"तू चहा घे," ते म्हणाले.