भोपळ्यावरचा कॅनडा

मी लाटलेली कच्ची पोळी तव्यावर जायच्या आत भोपळ्यावर जायची, कारण आमच्या शेजारी नाना राहत होते. भिंगारला लष्कराच्या कचेरीत कारकून. एरवी अगदी देवमाणूस, पण त्या उन्हाळ्यात त्यांना पृथ्वीनं झपाटलं होतं.

"वहिनी, ही पोळी म्हणजे नकाशा," म्हणत ते ती भोपळ्यावर पसरायचे. "बघा, चुण्या पडल्या! घालवायच्या तर ताणायला हवं. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना असंच ताणतात, आणि वरचे देश उगाच मोठे होतात. नकाशा लबाड आहे, वहिनी!"

दुष्काळाचं वर्ष, रेशनचा गहू, आणि हा माणूस माझ्या पोळ्या ताणतोय! माझं डोकंच फिरायचं. बरं, कळायचं काडीचं नाही. घरी ह्यांना समजावून सांगायला गेले, तर आम्ही दोघंही जास्तच गोंधळलो.

या सगळ्याचं मूळ म्हणजे शोभा, नानांची एकुलती एक लेक. लग्न होऊन ती कॅनडाला निघाली होती. नानांनी शाळेतून नकाशा मागून आणला, तर आपण इकडे आणि कॅनडा पार दुसऱ्या टोकाला. तो बघून माई, म्हणजे नानांची बायको, दोन दिवस जेवल्या नाहीत.

"हिच्या मनानं घेतलंय, पोरगी जगाच्या टोकाला चालली," नाना मला म्हणाले. "ती एवढी लांब नाही, हे हिला पटवायचंय. बस्स."

त्यासाठी बाजारात भोपळे फिरवून फिरवून बघणं आलं. देठाशी जरा चपटा हवा, पृथ्वीसारखा! शेवटी भाजीवाली वैतागली, "काका, भाजी करायचीय का खेळायचंय? लई येळ झाला."

शोभा निघायच्या आदल्या दिवशी नानांनी आम्हाला ओट्यावर बोलावलं. भोपळ्यावर चुन्याचे दोन ठिपके, एक आपला, एक कॅनडाचा. आधी दोरा नकाशातल्यासारखा आडवा नेला. मग देठाजवळून, म्हणजे उत्तर ध्रुवाकडून. दोन बोटं कमी भरला.

"बघा! वरून गेलं की जवळ!"

"वरून म्हणजे? विमानाला चढ लागणार?" मी विचारलं.

"चढ कसला! गोळ्याला वर-खाली नसतंच, वहिनी."

"मग देठ वर कसा?"

नानांनी भोपळा कलता करून पाहिला.

माई म्हणाल्या, "पटलं हो, जवळच आहे," आणि आत गेल्या. मी मागोमाग. "माई, खरंच पटलं?"

"अगं, मला काय कळतंय त्यातलं!" त्या लुगड्यांच्या घड्या घालत हसल्या. "मी रडून मोकळी झाले, जेवते, बांधाबांध करते. यांनी मात्र महिनाभर पोरीकडे धड पाहिलेलं नाही. पटायचं राहिलंय ते यांनाच."

मी चाटच पडले. इतके दिवस मी भलत्याच माणसाची कीव करत होते.

बाहेर आले, तर शोभा नानांपाशी बसली होती. "हे टोक धर गं जरा," नाना म्हणाले. तिनं कॅनडावर बोट ठेवलं. नानांनी दोरा ओढला. आधीच ताठ होता, तरी पुन्हा ओढला.

"नाना, पुरे ना."

"दोन बोटं तर कमी झालं ना गं?"

"झालं, नाना."

त्यांनी प्रथमच मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "याहून कमी नाही होत गं," म्हणाले, आणि भर ओट्यावर, सगळ्या गल्लीदेखत, ते ढसाढसा रडायला लागले.