गयाकाकूच्या हाटेलातला मुक्काम

या ग पोरींनो, अशा जवळ या. उंबऱ्यात उभं राहून बोलायची ही काय रीत झाली? येता, चहाला तोंड लावता अन् लगेच म्हणता, संध्याकाळची यष्टी गाठायची हाय. काहून? आमच्या हट्टा गावात खाट न्हाई का अंथरूण न्हाई? बाईमाणसाला मुक्काम करायची अजूनही लाज वाटते. म्हणून तर आज तुमाला गयाकाकू सांगायची हाय.

गयाकाकू आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची. सकाळी गल्लीतून निघायची अन् दारादारात थांबून प्रत्येक बाईला एकच इचारायची, "नीज लागली का बराबर?" कुणाचे हात शेणात, कुणाची भाकरी तव्यावर. पण उत्तर घेतल्याबिगर काकू हलायची न्हाई. माझी सासू म्हणायची, हिला गावाची डाक्टरीण कुणी केलं?

कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. घराला कुलूप एकच. बाकीच्या किल्ल्या बाजारातून, उकिरड्यावरून येचलेल्या. चालताना वाजल्या पाहिजेत, त्याबिगर हाटेलाची मालकीण दिसत न्हाई, असं तिचं म्हणणं.

कारण काकूचं हाटेल होतं. चहा-भज्याचं न्हाई, झोपायचं.

त्याची कथा अशी. काकूचं कपाळ तरणेपणीच पांढरं झालं. माहेरात कुणी उरलं न्हाई. मग ती हैदराबादला एका नवाबाच्या घरी लेकरं सांभाळायला राहिली. मोठ्या दुष्काळाच्या आधी, नवाबाच्या बेगमेला छातीचं दुखणं लागलं अन् डाक्टरनं समुद्राची हवा सांगितली. समुद्र मुंबईलाही हाय, पण नवाबाला लांबचा लागत होता. सगळे इमानात बसून फ्रान्सला गेले, भूमध्य समुद्राच्या काठाला. बेगमेसंगट लेकरू अन् लेकरासंगट आमची काकू, काखेत गोधडी धरून.

उतरले ते हाटेल जुनं, राजेरजवाडे राहून गेलेलं. जिना एवढा रुंद की बैलगाडी चढावी. छताला झुंबरं. खिडकी उघडली की निळं पाणी थेट आभाळाला टेकलेलं. काकू म्हणायची, "आपल्या नदीसारखं न्हाई ते. पलीकडचा काठच न्हाई त्याला." काकूलासुद्धा बाजूची एक खोली होती, पलंगासकट. पण पांढरीशुभ्र चादर मळंल म्हणून ती खाली गोधडी टाकून निजायची. अन् पहाटेच उठून स्वतःचा, बेगमेचा, लेकराचा असे सगळे पलंग नीट करून ठेवायची.

एवढ्या वैभवात काकूला एकच गोष्ट खटकली. दारात सडा न्हाई. उगवत्या दिवसाला कोरडं दार दाखवायचं म्हणजे अवदसेला आवतण. तिनं काय करावं? पहाटे गिलासात पाणी घेऊन बेगमेच्या दारापुढं सडा टाकायला लागली. खाली लाल गालिचा.

झालं. हाटेलवाल्यांना वाटलं, नळ फुटला. माणसं आली, शिड्या लागल्या, छत ठोकून पाहिलं. दुसऱ्या दिवशी गालिचा पुन्हा ओला. पुन्हा शिड्या. काकू लेकरू कडेवर घेऊन बाकीच्यांसारखीच वर बघत उभी.

शेवटी तिथली खोल्या झाडणारी बाई पहाटेच पाळतीवर राहिली. मारिया नाव तिचं, काकू मारीबाई म्हणायची. वयानं काकूएवढीच, पांढरा एप्रन, कमरेला किल्ल्या. तिनं काकूला गिलासासकट धरलं. काकूला वाटलं, आता आपल्याला गावी धाडतात. पण मारीबाईनं ओल्या गालिच्याकडं पाहिलं, गिलासाकडं पाहिलं अन् काकूचा हात धरून तिला तिच्याच खोलीत नेलं. तिथं तिला खाली अंथरलेली गोधडी दिसली. ती तिनं उचलून घडी केली. पलंगावरची चादर मोकळी केली, विड्याचं पान दुमडावं तसा तिचा एक कोपरा दुमडला, उशी थोपटली अन् काकूला बसवून तिचे पाय हातांनी उचलून वर ठेवले.

मी इचारलं, काय बोलली ग ती?

"काय की. तिची भाषा येगळी. पण मला बराबर समजलं. ती म्हणून राहिली होती, पड बाई."

त्या दिवसापासून मारीबाई रोज दिवेलागणीला येऊन काकूची चादर दुमडायची, उशाशी झाकलेलं पाणी ठेवायची अन् सकाळी येऊन तिच्या भाषेत काहीतरी इचारायची. नीज लागली का, हेच असणार. दुसरं काय इचारतं कुणी सकाळी?

पुढं नवाबाचं बस्तान मोडलं अन् काकू गावी परत आली. तेव्हा दुष्काळ होता. आमी बाया दिवसभर खडी फोडायला जायचो अन् घरी येऊन पुन्हा चूल, पाणी, लेकरं. काकूनं आमची तोंडं पाहिली अन् आपल्या पुढच्या खोलीत हाटेल काढलं. एक खाट, एक धुवट चादर, कोपरा दुमडलेला. झाकलेलं पाणी. उशाशी एक घंटी, काही लागलं तर वाजवायला. घंटी तिच्याच शेळीच्या गळ्यातली, त्यामुळं वाजवली की काकूच्या आधी शेळी आत यायची. पैसा घ्यायची न्हाई. अट एकच, दिवस अंगणात येईपर्यंत उठायचं न्हाई.

सासू भांडायला गेली, माझ्या सुनेला घरी खाट न्हाई का म्हणून. काकू म्हणाली, "खाट हाय की. पण पडू कोण देतंय?" पुढल्या आठवड्यात सासू गुपचूप स्वतःच जाऊन झोपून आली.

पण काकूची अट काही कुणाकडून पाळली गेली न्हाई. कोंबडं आरवलं की आमचे डोळे आपोआप उघडायचे. गल्लीतली वच्छला पहाटे उठली, काकूचीच भांडी राखेनं घासली अन् पळून गेली. मी उठून परसातलं शेण भरलं. काकू किल्ल्या वाजवत मागं आली, "तू गिऱ्हाईक हाइस का गडी?" एकदा तर ती काठी घेऊन दारात बसली, तरी गिऱ्हाईक खिडकीतून उतरलं. काकूला मनापासून तकलीफ व्हायची. म्हणायची, एक तरी बाई माझ्या हाटेलात उजाडेपर्यंत झोपलेली बघायची हाय, मग मी मरायला मोकळी.

मी म्हणायचे, तूच झोप की. तर म्हणायची, मालकीण कुठं गिऱ्हाईक असती व्हय? अन् स्वतः निजायची आतल्या खोलीत, त्याच गोधडीवर.

एकदा काकूच्या पुतण्याचं लगीन होतं. दोन दिवस ती तिकडं भाकऱ्या थापत होती. संध्याकाळी परत येताना मला लांबूनच दिसली, पाय ओढत चालून राहिलेली. मी परसदारानं तिच्या आधी घरात शिरले. चादर झटकली, कोपरा दुमडला, पाणी झाकून ठेवलं. काकू दारात आली अन् थांबली.

"कोण येणार हाय?"

"आलंय की. पड बाई."

ती उभीच. मग म्हणाली, कोपरा वाकडा दुमडलास. मी सरळ केला. तिनं कमरेच्या किल्ल्या सोडल्या, माझ्या हातात दिल्या अन् खाटेवर बसली. मी तिचे पाय उचलून वर ठेवले. खडीसारखे टणक पाय. तिनं भिंतीकडं तोंड केलं अन् पदर डोळ्यांवर ओढला.

सकाळी गेले तर ऊन अंगणात आलेलं अन् काकू झोपलेली. काकू घरी असून तिचं दार त्या दिवशी पहिल्यांदाच कोरडं होतं. मीच सडा टाकला. त्या आवाजानं ती जागी झाली. मी इचारलं, नीज लागली का बराबर?

"लागली," ती म्हणाली. मग दारात डोकावून म्हणाली, "सडा लई पातळ टाकलास."

काकू जाऊन आता लई वर्षं झाली. किल्ल्या माझ्या कमरेला हायेत, कुलूप अजूनही एकच. खोली रोज झाडते, चादर कालच धुतली. तवा पोरींनो, आज यष्टी गाठायची तर गाठा. पण पुढच्या खेपेला मुक्कामालाच या, अन् लवकर या. शेळी आता न्हाई, घंटी वाजवली तर मीच येईन.