सोय आहे, गाव नाही

नानांच्या स्वयंपाकघराच्या बरोबर खाली किराण्याचं दुकान होतं. खिडकीतून दोरीला पिशवी बांधून सोडली असती तरी मीठ घरात आलं असतं. नाना मात्र मिठासाठी सफारी घालून, शालिमारची बस पकडून गावात जात.

इंदिरानगरात आम्ही सगळेच 'गावात जाऊन येतो' म्हणतो. गाव म्हणजे जुन्या शहरातला मेन रोड, रविवार कारंजा, भद्रकाली. आपण राहतो ते मग काय, हे कुणी विचारत नाही. नव्वदीच्या मध्यावर आमचं कॉम्प्लेक्स उभं राहिलं. खाली दुकानं, मध्ये बँक आणि दवाखाना, वर आमची घरं. रविवार कारंजाजवळचं जन्माचं बिऱ्हाड हलवून नाना आणि काकू माझ्या समोरच्या दारात राहायला आले. नाना जाऊनही आता बराच काळ झाला. त्यांच्याविषयी लिहायला मला वेळ लागला.

सकाळी ते गॅलरीत उभे राहत आणि खालच्या दुकानांकडे मास्तरांनी नापास मुलांकडे पाहावं तसे पाहत.

"हा शिंपी बघा. माप घेतो, पण बोलतो का? गावातल्या शिंप्याला आपल्या पोटाचा सगळा इतिहास ठाऊक असतो."

बेकरीचं नाव काढलं की म्हणत, "गावात पावाला वास येतो. इथे पावाला नुसती पिशवी येते."

दवाखान्याविषयी तक्रार अशी, की डॉक्टर आधी नंबर विचारतो. गावातला डॉक्टर आधी थोरल्या भावाची चौकशी करायचा, मग जीभ दाखवायला सांगायचा.

"पण नाना, इथे लिफ्ट आहे, पाणी आहे, सगळं हाताशी आहे," मी म्हणायचो.

"सोय आहे हो," नाना मान हलवत, "गाव नाही."

एवढा गावभर फिरणारा माणूस, पण विसराळू. दुपारी भरलेली पिशवी घेऊन परतत आणि त्यात काहीतरी एक हमखास नसे. कधी दही, कधी मिरच्या, बहुतेक वेळा कोथिंबीर. मग काकूंचा आवाज माझ्या घरापर्यंत येई.

"अहो, कोथिंबीर?"

"राहिली."

"रोज कशी राहते तुमची? सगळ्या गावाच्या खबरी बरोबर आणता, आणि एक जुडी आणवत नाही!"

"मग जा खाली. तुझं लाडकं मार्केट आहे ना!"

काकूंचे गुडघे पार गेलेले. पुटपुटत त्या काठी घेत, लिफ्टचं बटण दाबत. खूप वेळानं जुडी घेऊन वर येत तेव्हा चेहरा निवळलेला असे. भाजीवालीच्या सुनेला दिवस गेलेत, शिंप्याच्या आईचा मोतीबिंदू पिकलाय. नानांशी न बोलणारा तो शिंपी काकूंना घरचं सगळं सांगत असे.

एकदा पुस्तकं बांधायला टाकून मी भद्रकालीतून येत होतो. भाजीबाजारात नाना दिसले. भाजीवालीनं त्यांच्या पिशवीत वरून कोथिंबिरीची जुडी टाकली आणि नानांनी ती काढून परत ठेवली.

"आवो नाना, फुकट हाय!"

"फुकट असली तरी नको. मला ती विसरायचीय."

वळले तर समोर मी. आम्ही चहाच्या दुकानात जाऊन बसलो. नानांनी बशीत चहा ओतला आणि तो निवू दिला.

"जुन्या घरी आमचा जिना उभा होता," मग ते म्हणाले. "हिचे गुडघे गेले आणि ही वरच राहिली. खाली सगळं गाव, आणि ही खिडकीशी. धरून नेतो म्हटलं की ओशाळायची. नुसतं फिरायला म्हणून ती बाहेर पडत नाही. काम असलं की पडते."

"म्हणून तुम्ही गाव सोडलंत?"

"सोय आहे तिथे," नाना म्हणाले. पुढचं नेहमीचं मात्र म्हणाले नाहीत. उठताना एवढंच, "घरी बोलू नका."

मी बोललो नाही.

पुढे काही वर्षांनी, एका थंडीत, नाना झोपेतच गेले. सकाळी गावातून पुतण्या आला. काकूंजवळ बसून म्हणाला, "काकू, आता इथे एकट्या कशाला? चला आमच्याकडे गावात. तळमजल्यावरची खोली देतो."



तेवढ्यात शिंपी दारात आला. दुकानांची शटरं अर्धी खाली ओढून सगळे लिफ्टपाशी थांबले होते. तिथल्या फळ्यावर निधनाची सूचना लिहायची होती. माझं अक्षर बरं, म्हणून ते काम माझ्याकडे. शिंप्यानं चाचरत विचारलं, "काकू, यजमानांचं नाव काय लिहायचं?"

दारावरच्या पाटीवर नुसतं आडनाव होतं. इतकी वर्षं समोर राहून मीही त्यांना नानाच म्हणत आलो होतो.

"मी सांगतो," पुतण्या उठला.

"थांब," काकूंनी काठी घेतली. "मी कुठे येत नाही, बाळा. मला इथे सगळे ओळखतात. ह्यांनाच कुणी ओळखत नाही. ते मला सांगू दे."

आम्ही त्यांच्याबरोबर खाली आलो. दुकानदार बाजूला सरले. मी खडू घेतला. लग्नातल्या उखाण्यानंतर काकूंच्या तोंडी ते नाव आलं नसावं.

"त्र्यंबक," त्या हळूच म्हणाल्या. मग पदर खांद्यावर ओढून, पार टोकाच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या,

"त्र्यंबक हरी तांबट."