आजचा शब्द

ऑर्व्हिल व्हॅन डाइकने सकाळी सकाळी पोटच्या मुलीवर बंदूक रोखली आणि विचारलं, "परवलीचा शब्द?"

बंदुकीत दारू नव्हती, कधीच नसायची. टेनआइकच्या किल्ल्यात एके काळी, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, इंग्रजांशी लढणारी पलटण होती. आता तिथे तिकीट काढून हिंडायची बाग आहे आणि शाळांच्या सहली येतात. पलटणीचा निळा कोट आणि तिकोनी टोपी घालून ऑर्व्हिल दर हंगामात दारावर पहारा द्यायचा. तिकिटाच्या खिडकीत त्याची बायको हेझल बसायची. ती येणाऱ्याला हळूच दिवसाचा शब्द सांगायची, दारात तो म्हटला की ऑर्व्हिल टाच आपटून वाट सोडायचा. आमच्या गावातलं प्रत्येक पोर लहानपणी या दारातून आत गेलेलं आहे.

हेझल फेब्रुवारीत गेली. आज हंगामाचा पहिला दिवस होता आणि ग्रेटा बापाला कायमचं ओहायोला, आपल्या घरी न्यायला आली होती. ऑर्व्हिल विसराळू जन्माचाच, पण गेल्या महिन्यात तो पेटती शेगडी तशीच ठेवून मासे धरायला निघून गेला, तेव्हा ग्रेटाने मनाशी पक्कं केलं. घर विकून झालं होतं, सामान गाडीत भरलं होतं. वाटेत फक्त गणवेश परत करायचा राहिला होता. ती गाडी लावून येईपर्यंत तो परत व्हायच्या ऐवजी ऑर्व्हिलच्या अंगावर चढला होता.

"बाबा, पुरे झालं. लांब जायचंय आपल्याला."

"शब्दाशिवाय पहारा सुटत नाही."

"अहो, मी तुमची मुलगी आहे."

"इंग्रजांनाही मुली होत्या."

तेवढ्यात शाळेची बस आली. पोरांना हा खेळच वाटला. कुणी 'वॉशिंग्टन' म्हणून पाहिलं, कुणी 'स्वातंत्र्य', एका पोरीने 'पिझ्झा'. ऑर्व्हिल प्रत्येकाचं नीट ऐकून घेऊन मान हलवत होता. रांग वाढत वाढत थेट गाड्यांपर्यंत गेली. मग दाराच्या आतल्या बाजूने ट्रूडी आली. ही बागेची नवी साहेब. तिकिटं फोनवर आणून खिडकी बंद करायचं डोकं तिचंच.

"ऑर्व्हिल, शब्दबिब्द आता बंद झालंय. मला बाहेर येऊ द्या, माझी कॉफी गाडीत राहिलीये."

"तुम्ही आत कशा गेलात?"

"तुम्ही यायच्या आधीच आले होते मी."

"म्हणजे पहारा नसताना शिरलात."

रांगेतले लोक हसले. ट्रूडीचा चेहरा पडला. "बरं बाबा, आजचा शब्द 'स्वागत'. संपलं?"

"शब्द खिडकीतून येतो, बाई. कैद्यांकडून नाही."

ट्रूडीने फोन बाहेर काढला. "हे आत्ता हलले नाहीत तर मी पोलिसांना बोलावते," ती ग्रेटाला म्हणाली. "या वयात बेड्या घालून नेलेलं बरं दिसेल का, तुम्हीच सांगा."

ग्रेटाने बंद खिडकीकडे पाहिलं आणि ती बाहेरच्याच बाजूने तिकिटाच्या खोलीत शिरली. खुर्चीच्या पाठीवर आईचा राखाडी स्वेटर अजून तसाच होता. खोली गार होती म्हणून तिने तो अंगात घातला, आणि खिडकीची फळी वर सरकवली.

आता शब्द द्यायचा कोणता? हेझलचे शब्द असायचे 'अंडी', 'साबण', 'बटाटे'. त्यातून सैनिकांचे हाल कळतात, असं बागेतले माहितगार पाहुण्यांना गंभीरपणे सांगायचे. खरं कारण एवढंच, की दिवसभर शेकडो माणसं तोंडासमोर 'अंडी' म्हणून गेली की ऑर्व्हिल घरी येताना अंडी विसरत नसे. पण आज काय आणायला सांगायचं, आणि आणून ठेवायचं कुठे? त्या घरातली शेगडीसुद्धा काढून नेली होती. ग्रेटाला तिथेच रडू कोसळलं.

मग तिला या युक्तीची सुरुवात आठवली. ती पहिलीत असताना बाबा तिला शाळेतून आणायला विसरले होते आणि ती अंधार पडेपर्यंत पायरीवर बसून राहिली होती. दुसऱ्या दिवशी आईने पहिल्यांदा आपल्या मनाचा शब्द ठेवला होता. तिने डोळे पुसले आणि खिडकीशी आलेल्या पोरीला तोच सांगितला.

"ग्रेटा," ती पोरगी दारात ओरडली. टाच आपटली. वाट मोकळी झाली.

मग अख्खी बस 'ग्रेटा, ग्रेटा' करत आत गेली. ट्रूडीही दात खात "ग्रेटा" म्हणाली आणि बाहेर आली.

"बघा," ऑर्व्हिल म्हणाला, "किती सोपं होतं."

रांग संपेना, म्हणून ग्रेटालाही उठता येईना. कॉफी पोटात गेल्यावर ट्रूडी जरा निवळली आणि खिडकीत डोकावून म्हणाली, "आजचा दिवस चालू दे. लोक खूश आहेत." दिवसभर परकी माणसं बापाला तिचं नाव सांगत राहिली आणि ती ऐकत राहिली. संध्याकाळी तरी ते मुकाट गाडीत बसतील, एवढीच तिची आशा होती.

बाग बंद झाली. उन्हं उतरली. ऑर्व्हिल बंदूक खांद्याला लावून खिडकीशी आला, टोपी काढली आणि राखाडी स्वेटरकडे पाहून हसला.

"चल हेझल, लवकर आवर," तो म्हणाला. "ग्रेटाला शाळेतून आणायचंय. बघ, आज विसरलो नाही."

ग्रेटाने स्वेटर काढला नाही. तिने हळूच फळी खाली ओढली आणि बाहेर येऊन त्याचा हात धरला.

"चला," ती म्हणाली. "पोर वाट बघत असेल."